लव्हग्रोव्हची बादली

वरळीच्या मैलापाणी पंपिंग स्टेशनचं नाव
लव्हग्रोव्ह.
प्रेमाची राई.
नाव ठेवणाऱ्या साहेबाला त्या दिवशी सर्दी असावी.

महिन्यातून दोन मंगळवार, सकाळी सातच्या आत,
तांबे दोराला बांधलेली बादली खाली सोडतो
आणि मी काठावर, हातात तीन बाटल्या.

पहिली रुबिनाची. ती रसायनवाली.
तिचं यंत्र थेंबभर पाणी चाखतं आणि सांगतं
शहरानं या आठवड्यात काय काय गिळलं:
साखरेच्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या,
आणि ताप उतरल्यावर कुणी संडासात ओतून दिलेलं
उरलेलं अँटिबायोटिक.
दुसरी चिन्मयीची. तिला खाडीची काळजी,
भरतीला हे पाणी कुठवर मागे येतं,
कालवांच्या पोटात काय साठतं.
तिसरी माझी.

तांबेनं पहिल्याच वर्षी विचारलं होतं,
"बाई, काय शोधता यात?"
"औषध."
तो इतका हसला की दोर हातातून सुटता सुटता राहिला.
"आमी टोचून घेऊन, गमबूट घालून उतरतो हितं.
आन तुमी म्हणता औषध."

परळला, खिडकीकडच्या खाटेवर, मुनव्वर. रफूगर.
पायात सळई, सळईवर क्लेबसिएला.
रिपोर्टात अठरा औषधांची नावं,
अठरांपुढे एकच शब्द, खाली खाली, पाढ्यासारखा:
रेझिस्टंट.
तो दिवसभर चादरीचे धागे बोटानं मोजत पडून असतो.
म्हणाला, "विणकर कच्चा होता. चार तार कमी टाकलेत."

मी पाणी गाळते. गाळणी एवढी बारीक
की जंतू अलीकडेच अडतात.
पलीकडे उतरतो तो
ज्याला धड जिवंतही म्हणता येत नाही:
डोकं, मान, कोळ्यासारखे पाय.
पोट नाही. भूक नाही.
आयुष्यभर एकच दार ओळखतो,
ते उघडलं तर आत घर भरून पिल्लं,
नाही उघडलं तर गटारात वाट बघणं.

मुनव्वरचे जंतू बशीत पेरायचे,
वर गाळलेल्या पाण्याचा थेंब, आणि रात्रभर ऊब.
एकतीस बादल्या सकाळी तशाच,
दुधाळ, एकसलग, भरलेल्या.
न गाळलेल्या पाण्यात मात्र
त्याच्या जंतूंची सख्खी भावंडं सापडली.
म्हणजे दुखणंही तिथलंच.

बत्तिसाव्या बशीत सात भोकं.
मोहरीएवढी. आरपार स्वच्छ.
मी एकटीच होते. रुबिनाला फोन लावला आणि बोलताच येईना.
भोकं बुजवण्यात हयात घालवलेल्या माणसासाठी
मी भोकं मोजत होते, बोट न लावता,
दोनदा, तीनदा.

मग समिती.
पहिल्या बैठकीला शुद्धतेचे कागद कमी पडले.
दुसरी गणपतीमुळे पुढे गेली.
तिसऱ्या बैठकीच्या आदल्या गुरुवारी
मुनव्वरचा पाय गुडघ्याखाली कापला.
डॉक्टर सामंत म्हणाले, थांबलो असतो तर माणूस गेला असता.
बरोबरच म्हणाले.

तो आता भुलेश्वरला बसतो, कुबडी दुकानाच्या फळीला टेकवून.
माझ्या साडीचा पदर त्यानं असा भरला
की खिळा कुठे लागला होता ते मलाच सापडत नाही.
पैसे घेतले नाहीत. विचारलं,
"वो आपके कीड़े? हैं अभी?"
आहेत. उणे ऐंशीला, तिसऱ्या कप्प्यात,
माझ्या अक्षरातली चिठ्ठी लावून.

काल तांबेला मोबाईलवर बशीचा फोटो दाखवला.
त्यानं हात पँटला पुसले, फोन लांब धरला, जवळ आणला.
"ही भोकं?"
"ही."
"माझ्या नाल्यातली?"
"तुमच्याच बादलीतली."
"नाव काय ठेवलंत?"
"एलजी-बत्तीस."
तो बराच वेळ बघत राहिला.
"बारशाला बोलवायचं व्हतं, बाई,"
म्हणाला,
आणि दोराला नवी गाठ मारू लागला.